काकोलीच्या डोळ्यांखालचा रंग

मी बोलतोय तो एका खिळ्यावरून. शेजारी निताई पालचे कुंचले टांगलेले आहेत, खाली मळलेली माती, समोर अंगण आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघर. मी लोखंडाची बांगडी. आमच्या बंगालात मला नोआ म्हणतात. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या डाव्या मनगटात सासू मला चढवते आणि नवरा जिवंत आहे तोवर मला काढायचं नसतं.

मी लोखंड आहे, गोड बोलायला मला येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची आहे आणि ती ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही.

माझा जन्म एका मोडक्या विळीतून झाला. कृष्णनगरच्या एका लोहाराने तिचं पातं तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि मला दुकानाच्या दाराशी दोरीत ओवून टांगलं. सरोजबाला पाल मला घ्यायला आली तेव्हा तिने मला चक्क दाताखाली धरून पाहिलं. लोहाराला हसू आवरेना.

"काकी, लोखंड आहे ते. सोनं नव्हे."

"कळतं रे मला. पण माझ्या निताईच्या आयुष्याचा प्रश्न आहे. लोखंड असलं म्हणून काय झालं, चांगलं नको?"

माझं सगळं काम त्या एका वाक्यात आलं. मला घालायचं सुनेने आणि आयुष्य वाढायचं मुलाचं. नवरा गेला त्या दिवशी सरोजबालाचा स्वतःचा नोआ बायकांनी हातातून ओढून काढला होता. त्या दिवसाची धास्ती तिच्या मनातून कधी गेलीच नाही. पुढे तिच्यावर मी पुष्कळ रागावणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

नवी सून काकोली दारात आली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या हातात जिवंत मासा दिला होता. तो वळवळून निसटला, अंगणभर उड्या मारत सुटला आणि ही खो खो हसायला लागली. नव्या नवरीने असं हसायचं नसतं. सरोजबालाने डोळे वटारले आणि त्याच रागात मला तिच्या मनगटात कोंबलं. हाड मोठं होतं, कातडी खरवडली गेली, तरी ती हसतच होती. हसली की तिचे डोळे पार मिटून जायचे. त्या दिवशी त्या डोळ्यांखाली काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आमचं घूर्णी हे मातीच्या मूर्तींचं गाव. इथे घरटी एक तरी कुंचला धरणारा असतो. त्यात निताईचा हात चेहऱ्यात बसलेला. म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी, हमालाच्या मानेची ताणलेली शीर, नुकत्याच रडून झालेल्या पोराची नाकपुडी, असलं सगळं त्याला बरोबर जमायचं. रस्त्याने एकदा गेलेल्या माणसाच्या कानाची पाळी त्याला महिन्यानंतरही आठवायची. आपली बायको आज सकाळी काय जेवली, हे मात्र त्याला संध्याकाळीही सांगता आलं नसतं. बाकी माणूस गरीब, कधी आवाज चढवला नाही की कधी हात उगारला नाही. संसारात एवढं असलं की पुरेसं आहे असं त्याला वाटायचं, आणि गंमत म्हणजे काकोलीलाही तसंच वाटायचं.

तिचा दिवस माझ्या अंगावरून जायचा म्हणून मला ठाऊक. पहाटे माती भिजवायची, त्यात भाताचा कोंडा मिसळून पायांनी तुडवायची, मग चूल. सासू विधवा, तिला मासा चालत नाही, म्हणून तिची भाजी वेगळी आणि वेगळ्या भांड्यात. मग सगळ्यांचा मासा. माशाचं डोकं निताईचं. मधला जाड तुकडा लेकीचा, म्हणजे तितिरचा. शेपटीकडचा काटेरी तुकडा काकोलीचा, आणि मूर्ती बघायला कुणी गिऱ्हाईक जेवणाच्या वेळेला टपकलं की तोही त्याचा. केळफूल सोलून सोलून तिची बोटं काळी पडायची. ती भाजी रक्त वाढवते म्हणून ती तितिरच्या पानात दोनदा वाढायची आणि स्वतः कढई पुसून भात खायची. मधेच भूक लागली तर कडक चहा आणि मूठभर मुरमुरे. चहाने भूक मरते, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

तितिर शाळेत जायला लागली त्या सुमाराला मी पहिल्यांदा ती सावली पाहिली. बोटं मातीने भरलेली असायची म्हणून काकोली डोळे चोळायची ते डाव्या मनगटाने, माझ्या शेजारच्या उघड्या कातडीने. रंगाची धूळ डोळ्यांत जायची, खाज सुटायची आणि ती चोळत बसायची. त्यामुळे मी दिवसातून कितीदा तरी तिच्या डोळ्यांपाशी जायचो. आधी तिथे नुसती फिकट निळी झाक होती. मला वाटलं, रंगच लागला असेल.

शेजारी झूमा बौदी राहते. बौदी म्हणजे वहिनी, नात्यागोत्याची कुणी नाही, पण गल्लीत सगळ्यांची बौदीच. तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलंय. गल्लीतल्या प्रत्येक बाईचा चेहरा आपल्या ताब्यात असायला हवा असं तिचं ठाम मत.

"काकोली, ये इकडे. हे काय करून घेतलंस? कढईचं बूड बरं दिसतं याच्यापुढे."

"असू दे बौदी. माझ्या मावशीलाही होतं असं."

"मावशीला मिशी असती तर तीही मिरवली असतीस? बस गुपचूप."

मग किसलेला बटाटा, काकडीच्या चकत्या, फ्रीजमध्ये थंड केलेले चमचे, वर कसलंसं गुलाबी क्रीम. हात चालू तसं तोंडही चालू. "चोळायचं बंद कर आधी. तिथली कातडी कांद्याच्या सालीपेक्षा पातळ असते, चोळून चोळून काळी पडते. उन्हात जाताना डोक्यावर पदर घे. रात्री वेळेवर आडवी हो. पाणी पी जरा, उंट आहेस का?" बौदी हे सगळं बरोबरच सांगत होती. काकोलीने ते ऐकलंही. महिनाभर चोळलं नाही, पदर घेतला, पाणी प्यायली. सावली थोडीशी विरली आणि पुन्हा आली, या वेळी तपकिरी होऊन. बौदी क्रीम बदलत राहिली.

सासूचं म्हणणं वेगळं. आमच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पोटात असतं. डोकं दुखलं तर गॅस, गुडघा दुखला तर गॅस, परीक्षेत नापास झालं तरी आधी पोट साफ आहे का ते विचारतात.

"बौमा, तुला अंबल झालंय," सरोजबाला सुनेची जीभ बघून म्हणाली. "आम्लपित्त. लिव्हर बिघडलं की ते डोळ्यांखाली उतरतं."

तेव्हापासून काकोली रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घ्यायला लागली. छातीत धडधडलं की अंबल. जिन्याच्या चार पायऱ्या चढून धाप लागली की अंबल. नखं कागदासारखी पांढरी पडली, त्याचंही खापर अंबलवर. कधी कधी तर तिला भिंतीचा चुना कुरतडावासा वाटायचा, कच्ची माती जिभेवर ठेवावीशी वाटायची. मूर्तिकाराच्या घरात मातीला काय तोटा! ती चोरून खायची आणि पदराने ओठ पुसायची. तेवढं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

एकदा आरोग्य केंद्राची रहिमा दीदी घरोघर फिरत आली. तिने काकोलीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली.

"आतून लाल हवं गं. हे तर पांढरंफटक आहे. दर महिन्याला जास्त जातं का तुझं?"

अंगणात निताई मूर्तीला पेंढा बांधत होता. काकोलीने मान खाली घातली. "सगळ्यांचंच जातं तेवढं."

"सगळ्यांचं सोड. तुझं सांग."

"ते असतंच बायकांच्या जन्माला," सासू दारातूनच म्हणाली. "आम्ही काय कमी भोगलं?"

रहिमा दीदीने लोहाच्या गोळ्या दिल्या. लिंबाच्या सरबताबरोबर घे, चहाबरोबर नको, पित्ताच्या गोळीबरोबर तर मुळीच नको, आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलात जाऊन रक्त तपासून घे, असं तिने दोनदा बजावलं. काकोलीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली ती चहाबरोबर, कारण पोटात ढकलायला हाताशी तेच होतं. चार दिवसांनी पोटात ढवळायला लागलं, शौचाला काळं झालं, आणि सरोजबालाने ती पाकिटं उचलून फळीवर टाकली. "अंबल वाढवणारं औषध कशाला खातेस?" हॉस्पिटलचं काय? तर दुर्गापूजा जवळ आली होती. मूर्तिकाराच्या घरातल्या माणसाने आजारी पडायचं झालं तर ते पूजेनंतर.

माझी तेव्हा काय अवस्था झाली असेल बघा. तिच्या अंगावर लोखंड होतं, अंगात नव्हतं. वितळून आत शिरता आलं असतं तर मी एका दुपारीत शिरलो असतो.

आणि त्याच वर्षी ती मूर्ती आली.

कलकत्त्याच्या एका मोठ्या मंडळाने निताईला बोलावून घेतलं. त्यांना यंदा दागदागिन्यांची, सोनेरी मुकुटाची दुर्गा नको होती. साध्या घरातली, राबून राबून थकलेली आई हवी होती. दहा हातांत दहा कामं आणि चेहऱ्यावर सगळ्या घराचा थकवा. निताई परत आला तो उड्या मारतच. पंधरा दिवस त्याने मातीचे चेहरे केले आणि मोडले. मग एका सकाळी काकोली चुलीपुढून उठून कपाळ पुसत बाहेर आली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

"इकडे बस. उजेडाकडे तोंड कर. हलू नकोस."

"चुलीवर डाळ आहे."

"जळू दे डाळ."

लग्नानंतर त्याने तिच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी ती स्टुलावर बसायची, मी तिच्या मांडीवर आणि समोर निताईची ती नजर, जी कानाची पाळी विसरत नाही. तो तिच्या डोळ्यांखाली बोट न लावता बोट फिरवायचा आणि वाटीत रंग कालवायचा. काकोली आतून फुलून आली होती. मनगटात नाडी कशी उडते ते मला कळतं ना. ती लाजत होती, एवढी मोठी लेक असलेली बाई.

"इतकं काय बघता हो?"

"पापणीखालचा रंग मिळत नाहीये. काल जुळला होता, आज पुन्हा कमी पडतोय."

झूमा बौदी क्रीम घेऊन आली तेव्हा काकोलीने तिचा हात मागे सारला. "आता नको बौदी. त्यांना तो रंग लागतोय. क्रीमने गेला तर मूर्तीचं काय?"

"वेडी का काय तू!"

"पूजा होऊ दे. मग तुम्ही म्हणाल ते लावते."

तेव्हापासून तिने डोळ्यांची काळजी घेणं सोडलंच. नवऱ्याला आपल्या चेहऱ्यावरचं काहीतरी उपयोगी पडतंय, याचं तिला कोण कौतुक! ती काळी वर्तुळं तिने त्याच्यासाठी जपून ठेवली, आणि तो ती रोज जशीच्या तशी मातीवर उतरवत गेला. माझ्यासारख्याला हंबरडा फोडता येत नाही. नुसतं मनगटावर गोल गोल फिरता येतं. आता फिरायला जागाही भरपूर झाली होती, कारण ते मोठं हाड तेवढं उरलं होतं आणि वरचं मांस गेलं होतं.

मूर्ती अफाट गाजली. लोक तासन् तास रांगेत उभे राहायला लागले. मंडळाने निताईला अष्टमीला सहकुटुंब बोलावलं. काकोलीने लाल काठाची पांढरी साडी नेसली, पुष्पांजली वाहायची म्हणून पाण्याचा थेंबही घेतला नाही, आणि आम्ही मंडपात पोचलो.

समोर तीच होती, दुपटीने मोठी. मातीच्या त्या डोळ्यांखाली निळसर, तपकिरी आणि पापणीच्या कडेला काजळीची झाक. रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. एक म्हणाली, "अगदी माझी आई गं. मरेपर्यंत अशीच राबली." दुसरी म्हणाली, "बघवत नाही त्या डोळ्यांकडे." काकोली त्यांच्या मधोमध उभी होती. कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नाही. ती आपलाच चेहरा बघत राहिली, तशी मागची एक बाई कावली.

"ओ दीदी, सरका की बाजूला! तुमच्यामुळे देवी दिसत नाहीये."

काकोली हसली आणि बाजूला सरकायला गेली. हातातली फुलं आधी पडली, मग ती.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती, तितिरची थोरली बहीण शोभेल एवढी. रक्ताचा कागद तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, एवढ्याशा रक्तावर ही बाई चालत कशी होती? कमी रक्त ओढून ओढून हृदय थकलंय, आता पाय सुजलेत, फुप्फुसात पाणी आहे.

"हे डोळे असे कधीपासून आहेत?" तिने निताईला विचारलं.

आणि निताईने सांगितलं. त्याला सगळं सांगता येत होतं.

"तितिर शाळेत जायला लागली तेव्हा नुसता निळा पुरला असता, पातळ केलेला. पुढे त्यात तपकिरी घालावा लागला असता. यंदा पावसाच्या सुरुवातीला आतल्या कोपऱ्यात काजळी आली. श्रावणात गालाचा पिवळा वाढला, ओठांचा लाल जवळजवळ काढूनच टाकावा लागला..."

बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"इतकं बारीक बघत होतात तुम्ही?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टर त्याच्याजवळ वाकली आणि हळू आवाजात समजावून सांगत राहिली, बहुतेक बाजूला उभ्या असलेल्या तितिरसाठी. डोळ्यांखाली काळं दिसलं की आजारच असतो असं नाही. कुणाचं जागरणाने होतं, कुणाच्या घराण्यात असतं, कुणाचं सर्दीने नाहीतर चोळून चोळून. वय झालं की कातडी पातळ होते म्हणूनही दिसतं. पण त्याच्या जोडीला धाप लागते, छाती धडधडते, नखं पांढरी पडतात, माती खावीशी वाटते, महिन्याचं जास्त जातं, यातलं काही असेल तर क्रीम शोधत बसायचं नाही, रक्त तपासायचं. साधी सुई टोचायची तपासणी. वेळेवर झाली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. सरोजबाला कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. माती खावीशी वाटते हे ऐकल्यावर तिने तोंडावर पदर घेतला. तिला ते माहीत असणार, असं मला तेव्हा वाटून गेलं.

सलाइन लावायला नर्स आली. हात सुजला होता आणि मी कातडीत रुतलो होतो. ती मला कापायला निघाली तेव्हा काकोलीनेच मूठ आवळली. "नको. ह्यांना काही झालं तर?" काप गं बाई मला, दोन तुकडे कर, असं मी ओरडत होतो. लोखंडाचं कोण ऐकतं. नर्सने दुसरा हात घेतला.

रक्त चढवलं. दोन दिवस ती जरा तरतरीत दिसली, एकदा भातही मागितला. निताई उशाशी बसून होता.

"मूर्तीला बक्षीस मिळालं का हो?"

"मिळालं."

"कशासाठी दिलं?"

"डोळ्यांसाठी," तो म्हणाला.

तिला इतकं बरं वाटलं! त्यानंतर ती फारशी बोलली नाही. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेच्या आदल्या दिवशी दुपारी नाडी माझ्याशी लपंडाव खेळल्यासारखी येत जात राहिली आणि मग आलीच नाही.

घूर्णीत तिला आणलं तेव्हा अंगणात बायकांची गर्दी झाली. सवाष्ण गेली म्हणून तिच्या भांगात शेंदूर भरला, पायांना लाल आळता लावला. काय भाग्याची, म्हणत होत्या. सौभाग्याच्या शंखाच्या बांगड्या घालून गेली, नवऱ्याच्या आधी गेली, आम्हालाही असंच मरण येवो. त्या एकेक करून मला हात लावून कपाळाला टेकवत होत्या. मी खरंच आपलं काम चोख केलं होतं. निताईला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

झूमा बौदी रडत रडत आपली पेटी घेऊन आली. "निदान शेवटचं तरी नीट दिसू दे माझ्या पोरीला," म्हणाली आणि तिने काकोलीच्या डोळ्यांखाली ती गुलाबी पेस्ट लावली, वर पावडर थापली. वर्तुळं गेली. इतकी वर्षं जी हटली नव्हती ती एका मिनिटात गेली. निताई पुढे आला, चेहऱ्याकडे बघितलं आणि किंचाळला.

"पुसा ते!"

"अरे निताई, मी आपलं..."

"पुसा म्हणतो ना! तेवढंच काय ते तिने सांगितलं होतं मला. तेवढंच सांगितलं होतं बौदी, आणि मी त्याचा रंग केला." मग त्याने स्वतःच ओल्या फडक्याने ते सगळं पुसून काढलं, अंगठ्याने, हळूहळू, आणि खालचा काळा रंग वर येईपर्यंत पुसत राहिला.

मला त्यानेच काढून घेतलं. सरोजबालाचं म्हणणं होतं, सवाष्ण गेलेल्या बाईचा नोआ शुभ असतो, तितिरच्या लग्नात होईल. त्याने मला या खिळ्यावर टांगलं.

वर्ष गेलं. मी गंजायला लागलोय. आता चुलीपुढे तितिर असते. कॉलेजला जायच्या आधी माती भिजवते, आल्यावर आजीची भाजी वेगळी करते. कुणी तिला हे कर म्हणून सांगितलं नाही. आईची जागा रिकामी होती आणि ती तिथे जाऊन बसली. कलकत्त्याचे लोक आले होते, यंदाही तोच चेहरा द्या म्हणून. निताईने हात जोडले. आता तो नेहमीची देवी करतो, टपोऱ्या डोळ्यांची, कानापर्यंत गेलेल्या भुवयांची.

परवा सकाळी तो देवीचे डोळे रंगवत होता. रंगाची वाटी धरायला त्याने तितिरला हाक मारली. ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली. त्याने कुंचला निळ्यात बुडवला, सहज तिच्याकडे पाहिलं, आणि कुंचला तसाच हवेत राहिला. तिच्या पापणीखालचा रंग आणि कुंचल्याच्या टोकावरचा रंग एकच होता.

"जेवलीस का गं?"

"हो बाबा. केव्हाच."

त्याने कुंचला ठेवला. अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेला. मला इथून त्याची पाठ दिसत होती. त्याने भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं घासून पालथं घालायच्या बेताला आलेलं, एक शीत नव्हतं त्यात. शेजारी त्याचं स्वतःचं ताट झाकून ठेवलं होतं, माशाच्या डोक्यासकट. चुलीच्या कडेला तिचा अर्धा प्यालेला चहा.

"काय शोधतोस रे?" सरोजबाला आतून आली. तिने तितिरच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "डोळे होय? अरे, ती आईवर गेलीय. तिचंही असंच होतं."

"हो मा," निताई म्हणाला. "तिचंही असंच होतं."

सरोजबालाने आपल्या डोळ्यांखाली बोटं फिरवली. मग म्हणाली, "माझंही असंच होतं रे. मला वाटायचं, बाईचा चेहरा असाच असतो."

तिच्याकडेही तेव्हा कुणी बघितलं नसणार. मी तिच्यावर रागावलो होतो, तो राग त्या दिवशी माझ्यात राहिला नाही.

निताईने आपलं ताट उचललं, अंगणात आणलं, तितिरसमोर ठेवलं आणि तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला. "खा."

"बाबा, हे तुमचं आहे."

"खा, तितिर. मी बघतोय."

ती खाली मान घालून जेवत राहिली आणि ताटात टपाटप पाणी पडत राहिलं. तो एकेका घासाकडे बघत होता. जेवण झाल्यावर त्याने तिला सायकलवर मागे बसवलं आणि रक्त तपासायला घेऊन गेला. कागद अजून हातात आलेला नाही. देवीचा एक डोळा रंगवायचा राहिलाय, तो तसाच आहे.

मी इथून सुटणार नाही आणि आता मला कुणी घालणारही नाही, ते ठीकच आहे. पण तुमच्या घरात कुणीतरी असेल जिच्या डोळ्यांखाली सावली आलीय. ती तुम्हाला दिसलेलीही असेल, कदाचित तुम्ही तिची चेष्टाही केली असेल. तिला क्रीम जरूर आणून द्या, झोपू द्या, उन्हातून सावलीत घ्या. पण जेवलीस का म्हणून विचारून तिच्या उत्तरावर जाऊ नका. ती हो म्हणेल. उठा, स्वयंपाकघरात जा आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघा.